सातपुड्यातले झरे आणि पाच वर्षांची सरासरी

भूजल मोजण्यासाठी राज्यात स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली ती १९७२ च्या दुष्काळात. तिने मोजायला घेतल्या त्या विहिरी. पांझरा नदीवरच्या फडांना, म्हणजे बंधाऱ्याच्या पाटावर सामायिक भिजणाऱ्या शेतांना, आणि नंदुरबारच्या अक्राणी तालुक्यातल्या पाड्यांना आधार पाझराचाच होता, पण झऱ्याला त्या नोंदवहीत रकाना मिळाला नाही. त्यामुळे झरे आटताहेत का, हे आजही विहिरींच्या आकड्यांवरूनच ताडावं लागतं.

या आकड्यांत सगळ्यात जास्त घोळ घातला तो तुलनेच्या पद्धतीने. निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यात घेतात आणि ती मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहतात. टंचाईचा आराखडा करायला हे सोयीचं आहे, यंदा टँकर कुठे लागतील ते कळतं. पण दीर्घकालीन कल त्यात दिसूच शकत नाही. समजा, एखाद्या विहिरीची पातळी दरवर्षी २० सेंटीमीटरने खाली जाते. मागच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा ती दरवेळी ६० सेंटीमीटरच कमी भरेल. पहिल्या वर्षीही ६०, तिसाव्या वर्षीही ६०. दरम्यान पाणी जवळजवळ ६ मीटर खाली गेलेलं असतं. सरासरीच विहिरीबरोबर खाली उतरत राहते! एवढ्या घसरणीत डोंगरउतारावरचा झरा केव्हाच तुटलेला असतो. मला ही पद्धत झऱ्यांसाठी सरळ चुकीची वाटते.

त्यात भूगर्भाचा फरक. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातल्या ट्यूबवेल तापीच्या खोल गाळातून पाणी ओढतात. वरच्या पाड्यांचे झरे मात्र भेगाळ काळ्या खडकातून, खालच्या घट्ट थरावर अडलेलं पाणी घेऊन बाहेर पडतात. एकाचा आकडा दुसऱ्याला लागू पडत नाही. उनपदेवच्या उष्ण झऱ्याचं पाणी तर फार खोलातून येतं, त्याचा हिशेब वेगळाच.

२००४ नंतर धुळ्याच्या शिरपूर तालुक्यात नाले खोल-रुंद झाले, बंधारे झाले. जवळच्या विहिरींना पाणी वाढलं, ते चांगलंच झालं. पण त्या वाढीवरून डोंगरातल्या झऱ्याबद्दल काही ठरवता येत नाही.

आता विहिरी, कूपनलिका अशा लघुसिंचनाच्या सातव्या गणनेबरोबर देशात पहिल्यांदाच झऱ्यांची गणना ठरली आहे, संदर्भवर्ष २०२३-२४. त्यातून झरे किती ते कळेल. कल कळायला त्याच झऱ्याखाली दर महिन्याला बादली धरून ती किती सेकंदात भरते ते लिहायला हवं, आणि झरा आटला तर त्याच्या नावापुढे शून्य मांडायला हवं. आटलेला झरा यादीतून गाळला, की उरलेल्यांची सरासरी उगाच चांगली दिसते.