राष्ट्रीय फोन-इन चर्चा (रेडिओ कार्यक्रम)

चालू घडामोडींतला एखादा प्रश्न घेऊन त्यावर देशाच्या वेगवेगळ्या भागांतील श्रोत्यांचे फोन थेट प्रसारणात घेणारा, आणि एकाच वेळी साऱ्या देशात ऐकू जाणारा रेडिओ कार्यक्रम म्हणजे राष्ट्रीय फोन-इन चर्चा. फर्माईश किंवा आरोग्यसल्ल्याच्या फोन-इनमध्ये श्रोता काही मागायला येतो. इथे तो सांगायला येतो, आणि ऐकणारा केवळ सूत्रसंचालक नसतो. देशाच्या दुसऱ्या टोकाचा, कधीही भेट न होणारा नागरिकही असतो. ऐकताना सारे सहज वाटते: फोन लागला, माणूस बोलला, दुसरा आला. प्रत्यक्षात कोणता आवाज देशभर पोचणार हे स्टुडिओच्या काचेबाहेर, फोनच्या टेबलावर ठरते. कार्यक्रम किती खरा, किती राष्ट्रीय, हे त्या टेबलावरच्या कामावर अवलंबून असते.

फोनवरचे बोलणे हवेत सोडायला सुरुवातीच्या काळात नियमही आडवे आले. अमेरिकेत फोनवरचे संभाषण थेट प्रसारित करायला मनाई होती. ध्वनिमुद्रित करून ऐकवायला नव्हती. पेनसिल्व्हेनियातील ॲलनटाउनच्या डब्ल्यूकेएपी केंद्राने १९५२ मध्ये यातून वाट काढली. टेपयंत्रात मुद्रण करणाऱ्या हेडपासून वाजवणारे हेड इतके दूर बसवले, की आवाज सुमारे ६ सेकंद उशिरा बाहेर पडे आणि नियमाच्या दृष्टीने ते मुद्रित संभाषण ठरे. आज शिवीगाळ आणि बदनामी अडवण्यासाठी वापरला जाणारा विलंब अशा वळशातून आला आहे. ऑस्ट्रेलियात श्रोत्यांचे फोन प्रसारित करणे १९६७ च्या एप्रिलमध्ये कायदेशीर झाले. ब्रिटनमध्ये बीबीसी रेडिओ ४ वर १९७० पासून रॉबिन डे यांचा ‘इट्स युअर लाइन’ सुरू झाला, आणि १९७४ च्या निवडणुकीत ‘इलेक्शन कॉल’मधून मतदारांनी नेत्यांना फोनवर थेट प्रश्न विचारले. फ्रान्सचा ‘ल तेलेफोन सॉन’ १९७८ चा, आयर्लंडचा ‘लाइव्हलाइन’ १९८५ चा. अमेरिकेत एनपीआर या सार्वजनिक रेडिओ संस्थेचा ‘टॉक ऑफ द नेशन’ १९९१ ते २०१३ चालला.

या प्रकारातली मूळ अडचण एका कार्यक्रमाने लख्ख दाखवून दिली. ५ मार्च १९७७ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर सीबीएस रेडिओवर वॉल्टर क्रॉन्काइट यांच्यासोबत दोन तास बसले आणि नागरिकांचे फोन घेतले. फोन लावण्याचे प्रयत्न झाले सुमारे ९० लाख. अध्यक्षांशी बोलू शकले ४२ जण. रोजच्या कार्यक्रमात आकडे इतके टोकाचे नसतात, पण गणित तेच राहते. दोन तासांतून बातम्या, प्रास्ताविक आणि उद्घोषणा वजा जाता शंभरेक मिनिटे हाती लागतात. दोन-तीन पाहुण्यांना पंचवीस मिनिटे दिली, तर उरलेल्या पंचाहत्तर मिनिटांत साडेतीन मिनिटांच्या हिशेबाने एकवीस-बावीस श्रोते बसतात. तीस-पस्तीस बसवायचे ठरवले तर प्रत्येकाच्या वाट्याला फक्त मत येते, अनुभव येत नाही. आणि मत तर सकाळच्या वर्तमानपत्रातही मिळते.

कॅनडाच्या सीबीसी या सार्वजनिक प्रसारण संस्थेवरचा ‘क्रॉस कंट्री चेकअप’ हा या प्रकाराचा सर्वांत अभ्यासण्याजोगा नमुना. तो ३० मे १९६५ रोजी सुरू झाला. नावाचा अर्थच ‘देशभरची तपासणी’ असा. आठवड्याला एक प्रश्न, रविवारी दुपारी दोन तास, हा त्याचा अनेक वर्षे रुळलेला साचा. रेक्स मर्फी यांनी १९९४ ते २०१५ तो चालवला. त्यांच्यानंतर डंकन मॅक्यू आणि मग इयान हानोमानसिंग आले. कॅनडात सहा कालविभाग आहेत. टोरांटोत चार वाजता सुरू झालेला कार्यक्रम पश्चिम किनाऱ्यावर दुपारी एकला आणि न्यूफाउंडलंडमध्ये साडेपाचला लागतो. बहुतेक राष्ट्रीय कार्यक्रम प्रत्येक विभागात सोयीच्या वेळी मुद्रित स्वरूपात ऐकवता येतात. फोन-इनला ही सोय नाही. मुद्रित फोन-इन ऐकणारा माणूस फोन करू शकत नाही, म्हणजे तो चर्चेबाहेरच गेला. त्यामुळे सर्व जण निदान जागे आणि मोकळे असतील अशी एकच वेळ शोधावी लागते, आणि रविवार दुपार त्यासाठी निवडली जाते ती म्हणून.

कार्यक्रमाची तयारी प्रश्नापासून होते, आणि प्रश्न चुकला तर पुढचे कोणतेही कौशल्य कामी येत नाही. ‘करवाढ योग्य की अयोग्य?’ असे विचारले की वीस मिनिटांत दोन्ही बाजू संपतात आणि उरलेला वेळ त्याच वाक्यांची उजळणी होते. ‘करवाढ झाली तर तुमच्या घरी पहिली काट कशाला लागेल?’ असे विचारले, तर दुकानदार, निवृत्त शिक्षिका आणि नुकताच नोकरीला लागलेला मुलगा तीन वेगळ्या गोष्टी सांगतात. चांगला प्रश्न एका दमात म्हणता येतो, त्यात दोन प्रश्न कोंबलेले नसतात, आणि ज्याला त्या विषयातले तांत्रिक काही कळत नाही त्यालाही उत्तर देता येते. गाडी चालवताना मध्येच रेडिओ लावणारा श्रोता धरून सूत्रसंचालक तो दर आठ-दहा मिनिटांनी पुन्हा म्हणतो. पहिले दोन-तीन फोन मात्र नशिबावर सोडत नाहीत. विषय आधी जाहीर झालेला असतो, काहींनी संदेश पाठवलेले असतात, त्यांतल्या नेमकेपणाने बोलणाऱ्यांना कार्यक्रमापूर्वीच फोन करून तयार ठेवतात. पहिला फोन ज्या सुरात जातो त्या सुरातले पुढचे फोन येतात. पहिला माणूस ओरडला, तर शांतपणे बोलू पाहणारे फोन ठेवून देतात.

आता फोनचे टेबल. तीन ते सहा जण हेडसेट लावून बसलेले असतात. प्रत्येक फोनवर साधारण एक ते दोन मिनिटे बोलणे होते: कुठून बोलता, विषयाशी तुमचा संबंध काय, नेमके काय सांगायचे आहे, पूर्वी कधी प्रसारणात आला होता का. मत विचारण्याआधी संबंध विचारणे ही या कामातली मोठी हातोटी. मग नंबर घेऊन उलट फोन करतात. त्याने नंबर खरा आहे हे कळते, खोडसाळ फोन गळतात आणि थांबण्याचा खर्च श्रोत्यावर पडत नाही. सूत्रसंचालकाच्या पडद्यावर यातली एकच ओळ दिसते, उदाहरणार्थ: ‘फोनलाइन ३ – बेटावरून – ३० वर्षे मच्छीमार – मासेमारीबंदीला पाठिंबा, स्वतःची बोट विकावी लागली तरी – आवाज स्वच्छ – घाईत नाही’. अनुभवी निर्माता ही ओळ दिसताच वर घेतो, कारण या माणसाचे मत त्याच्या तोट्याच्या बाजूचे आहे. अशा फोननंतर विरुद्ध बाजूचे लोकही वेगळ्या भाषेत बोलू लागतात.

निवडीत घात करणाऱ्या गोष्टी ठराविक आहेत. फोन आपणहून करणारे लोक देशाचा नमुना नसतात: ज्यांना मोकळा वेळ आहे, बोलण्याची सवय आहे आणि आपले मत महत्त्वाचे आहे अशी खात्री आहे, ते अधिक येतात. आलेले फोन आले त्या क्रमाने घेतले, तर कार्यक्रम मोठ्या शहरांतल्या वयस्कर पुरुषांचा होऊन बसतो. म्हणून निर्माता एक साधा तक्ता ठेवतो – प्रदेश, स्त्री-पुरुष, वय, बाजू – आणि अर्ध्या तासाने रिकामी घरे बघतो. रिकामे घर भरायला कधी सूत्रसंचालकाने सरळ म्हणावे लागते, ‘उत्तरेकडून अजून कुणी आले नाही, आम्ही वाट पाहतो आहोत.’ हे आवाहन लागू पडते. नेहमीच्या श्रोत्यांसाठी नंबर आणि तारखांची नोंद असते. एकदा प्रसारणात आलेल्याला काही आठवडे पुन्हा घेत नाहीत. संघटित फोन ओळखू येतात ते वाक्यांवरून. चार वेगळ्या गावांतून एकच शब्दरचना आली, की कुणीतरी कागद वाटला आहे. अशा वेळी फोन तोडायचा नसतो. ‘हे तुमच्या बाबतीत कसे घडले?’ एवढे विचारायचे. कागदावर त्याचे उत्तर नसते. प्रदेश आणि वयाचा समतोल साधला तरी येणाऱ्या मतांची टक्केवारी काढू नये. वीस फोनांपैकी बारा विरोधात आले, म्हणून ‘देशाचा विरोध’ असे म्हणणे हा कार्यक्रमाचाच दुरुपयोग आहे.

ध्वनितंत्रात दोन गोष्टी कळीच्या आहेत. पहिली, श्रोत्याला परत पाठवायचा आवाज. त्याला सूत्रसंचालक, पाहुणे आणि दुसरे श्रोते ऐकू यायला हवेत, पण स्वतःचा आवाज येता कामा नये. म्हणून प्रत्येक फोनलाइनसाठी संपूर्ण मिश्रणातून त्या लाइनचा आवाज वजा करून पाठवतात. ही वजाबाकी राहून गेली, तर फोनमधून प्रतिध्वनी येतो. स्वतःचे शब्द सेकंदाच्या पाचव्या हिश्शाने उशिरा कानावर पडले, की धडधाकट बोलणारा माणूसही अडखळतो. ऐकणाऱ्यांना वाटते तो घाबरला. स्टुडिओच्या बाजूला हायब्रिड नावाचे यंत्र फोनच्या तारेवरचा येणारा आणि जाणारा आवाज वेगळा करते. ते नीट जुळवले नसेल, तर सूत्रसंचालकाचाच आवाज डब्यात बोलल्यासारखा पोकळ होतो. साध्या फोनवर ३०० ते ३४०० हर्ट्झचाच पट्टा येतो, त्यामुळे ‘स’, ‘श’, ‘फ’ एकमेकांत मिसळतात आणि गावांची नावे चुकतात. म्हणून नाव आणि गाव टेबलावरच अक्षरे विचारून लिहून घेतात. नवे एचडी कॉल सुमारे ७००० हर्ट्झपर्यंत जातात आणि माणूस खोलीत असल्यासारखा वाटतो. स्पीकरफोन मात्र चालत नाही. तो एका वेळी एकच बाजू उघडी ठेवतो, त्यामुळे मध्ये हटकले की वाक्य तुटते.

दुसरी गोष्ट विलंब. स्टुडिओतला आवाज साधारण ७ सेकंद स्मृतीत राहून मग हवेत जातो. काही आक्षेपार्ह आले, की डम्प बटण दाबून स्मृतीतला भाग पुसतात आणि प्रसारण एकदम आताच्या क्षणावर येते. येथे एक धोका आहे: पुसल्यावर संरक्षण संपलेले असते. यंत्र बोलण्यातल्या विरामांना किंचित ताणत विलंब पुन्हा साठवते, आणि त्याला मिनिटभर किंवा अधिक लागू शकते. तोच खोडसाळ माणूस लाइनवर राहिला, तर दुसरा शब्द थेट देशभर जातो. म्हणून बटणाआधी किंवा बटणाबरोबरच लाइन बंद करायची असते. काही यंत्रे अर्धाच विलंब पुसतात. अर्धा राखून ठेवण्याचा फायदा हा, की दुसऱ्या प्रसंगासाठी काही सेकंद हाताशी राहतात. विलंबामुळे कार्यक्रम घड्याळाच्या ७ सेकंद आधी संपवावा लागतो, नाहीतर शेवटचे वाक्य तासाच्या बातम्यांखाली कापले जाते. ‘रेडिओ बंद करा’ हे श्रोत्याला सांगण्याचे कारणही हाच विलंब. रेडिओ चालू राहिला, तर तो सात सेकंदांपूर्वीच्या स्वतःलाच उत्तर देऊ लागतो.

सूत्रसंचालकाचे काम ऐकण्याचे अधिक, बोलण्याचे कमी. पहिली वीस सेकंदे श्रोत्याची. त्यात अडवले तर तो पाठ केलेले पहिले वाक्य पुन्हा सुरुवातीपासून म्हणतो. चुकीची माहिती आली, तर ती तिथल्या तिथे, आवाज न चढवता दुरुस्त करायची; श्रोता म्हणाला म्हणून प्रसारकाची कायदेशीर जबाबदारी सुटत नाही. न्यायप्रविष्ट खटल्यात कुणाला दोषी ठरवणे, खासगी व्यक्तीचे नाव, निवडणुकीच्या काळात साधा श्रोता म्हणून आलेला उमेदवार, ही तीन ठिकाणे फोनच्या टेबलापासूनच राखावी लागतात. सूत्रसंचालकाच्या निःपक्षपातीपणावर तर न्यायालयापर्यंत प्रकरण गेले आहे. ‘चेकअप’चे सूत्रसंचालक डेल गोल्डहॉक हे कलावंत-लेखकांच्या ॲक्ट्रा या संघटनेचे अध्यक्ष होते. १९८८ च्या निवडणुकीच्या काळात त्यांनी संघटनेच्या नियतकालिकात मुक्त व्यापार कराराविरुद्ध लिहिले. सीबीसीने त्यांना कार्यक्रम किंवा अध्यक्षपद यांतले एक निवडायला सांगितले. त्यांनी अध्यक्षपद सोडले. कामगार मंडळाने सीबीसीची ही कृती संघटनेच्या कामात ढवळाढवळ ठरवली आणि १९९५ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. नागरिकांना बोलते करणाऱ्याने स्वतः किती बोलावे, हा प्रश्न तिथे मिटला असे मात्र नाही. अमेरिकेत १९८७ मध्ये फेअरनेस डॉक्ट्रिन, म्हणजे वादाच्या विषयावर विरुद्ध मतांनाही जागा देण्याचा नियम, हटल्यावर सूत्रसंचालकाच्याच मताभोवती फिरणारे व्यावसायिक टॉक शो फोफावले. फोन त्यांतही येतात, पण ते होकार भरायला. तो वेगळाच प्रकार मानावा.

कधी कधी विषय आत्महत्या, हिंसा किंवा युद्धाचा असतो आणि टेबलावर खरोखर संकटात असलेल्या माणसाचा फोन येतो. त्याला प्रसारणात घेत नाहीत, होल्डवरही ठेवत नाहीत. एक जण बोलत राहतो, दुसरा मदतसेवेला फोन लावतो, आणि उरलेले सगळ्यांचे काम उचलतात. यासाठी नंबरांचा कागद टेबलावर चिकटवलेला असावा. संगणकात शोधायला तेव्हा सवड नसते.

आता संदेश, ई-मेल आणि आवाजी टिपाही येतात. शांत स्वभावाच्या आणि फोन करायला कचरणाऱ्या लोकांना त्यांनी वाट दिली हे खरे, पण मुद्रित टिपेला उलट प्रश्न विचारता येत नाही, आणि माणूस बोलता बोलता स्वतःचे मत बदलतो ते क्षण तिच्यात सापडत नाहीत. कार्यक्रम संपतो तेव्हा दहा-बारा फोनलाइनी अजून लुकलुकत असतात. कुणी चाळीस मिनिटे थांबलेले असते. चांगल्या चमूत शेवटची धून वाजू लागली, की टेबलावरचा प्रत्येक जण एकेक फोन उचलतो, वेळ संपल्याचे सांगतो, म्हणणे दोन वाक्यांत लिहून घेतो आणि नंबर पुढच्या विषयासाठी राखून ठेवतो.