सार्वजनिक संवादी पडदे : रचना व खानदेशातील उपयोजन

सार्वजनिक संवादी पडदे : रेल्वे स्थानक, रुग्णालय, संग्रहालय इ. ठिकाणी येणाऱ्या-जाणाऱ्याने स्पर्शाने वा हालचालीने चालवावयाचे डिजिटल पडदे. व्यवहारात टचस्क्रीन किंवा किऑस्क ही नावे रूढ आहेत.

उगम : स्पर्शपडद्याच्या जनकत्वाबद्दल मतभेद आहेत. काही लेखक ते अमेरिकेतील सॅम्युएल हर्स्ट यांना देतात, तर काही जिनीव्हाजवळील सर्न या अणुसंशोधन संस्थेतील बेंट स्टुम्पे व फ्रँक बेक यांना. तथापि ई. ए. जॉन्सन यांनी इंग्लंडमधील मॅल्व्हर्न येथील रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमध्ये काम करीत असता १९६५ मध्ये यावर टिपण प्रसिद्ध केले होते आणि १९६७ मध्ये सविस्तर लेख लिहिला. हवाई वाहतुकीचे नियंत्रण हा त्यांचा उद्देश होता. छापील पुरावा प्रमाण मानल्यास अग्रमान जॉन्सन यांच्याकडेच जातो. हर्स्ट यांचे १९७१ च्या सुमाराचे उपकरण पारदर्शक नव्हते. त्याला पडदा म्हणणे कठीण. सर्नमधील धारकतेवर (बोट लागताच विद्युतभारात होणाऱ्या बदलावर) चालणाऱ्या पडद्याचा आराखडा १९७२ चा. त्याच वर्षाच्या सुमारास इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो-४ या शिक्षणयंत्रणेत कडेने सोडलेल्या अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांची १६ × १६ जाळी वापरली गेली; बोटाने किरण अडला की स्पर्शाची जागा कळते. मोठ्या आकाराच्या सार्वजनिक पडद्यांना पुढे हीच पद्धत सोयीची ठरली.

रचना : पडदा बसविला म्हणजे लोक वापरतात असे नाही. जाहिरातच असणार या समजुतीने पुष्कळजण त्याकडे पाहतही नाहीत. उलट एकजण वापरू लागला की भोवती घोळका जमतो. ब्रिग्नल व रॉजर्स या संशोधकांनी २००३ मध्ये याची नोंद केली आहे. म्हणून पडद्यासमोर उभे राहून नुसते बघणाऱ्यांसाठीही मोकळी जागा राखणे इष्ट.

खानदेशात मात्र प्रश्न प्रथम उन्हाचा आहे. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५° से. च्या आसपास जातो. उन्हातील काचेमागचा पडदा याहून कितीतरी तापतो. साध्या एलसीडी (द्रवस्फटिकांच्या) पडद्यातील द्रवस्फटिक सु. ७०° से. ला आपली रचना सोडतात व पडद्यावर काळे डाग दिसू लागतात. निवल्यावर ते बहुधा जातात. सु. ११०° से. पर्यंत टिकणारे पडदे मिळतात, पण महाग. उन्हात अक्षरे दिसण्यास दर चौ.मी. १,५०० ते २,५०० कँडेला तेजस्विता लागते (घरातील पडद्यास सु. ३०० पुरते) आणि वाढीव प्रकाशाची उष्णता आतच साठते. धुळीसाठी पेटी घट्ट मिटवावी तर उष्णता कोंडते. पंखा बसवावा तर धूळ शिरते. उत्तराभिमुख, छपराखालची जागा हा सर्वांत स्वस्त उपाय होय; निविदांत तो क्वचितच दिसतो.

बोटाचाही विचार करावा लागतो. धारकतेवर चालणारा पडदा शेतकामाने घट्टे पडलेल्या, कोरड्या बोटाला नीट दाद देत नाही. अवरक्त चौकटीला ही अडचण नाही. पण थेट ऊन, कडेला साचलेली धूळ व दिव्यावर येणारे किडे तिला चकवतात. बंदिस्त दालनात ती अधिक योग्य वाटते.

या प्रदेशातील ठळक उदाहरण म्हणजे जळगावजवळच्या जैन हिल्सवरील गांधीतीर्थ. याचे उद्घाटन तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते २५ मार्च २०१२ रोजी झाले. तेथील संग्रहालयात गांधीजींचे जीवन टचस्क्रीन, बायोस्कोप आदी साधनांनी मांडले आहे. दालन बंदिस्त असल्याने ऊन व धूळ यांच्या वरील अडचणी तेथे उद्भवत नाहीत.

भाषा : पडद्यावरील मजकूर सामान्यतः मराठी, हिंदी व इंग्रजीत असतो. अहिराणीचे स्थान विवाद्य आहे. जॉर्ज ग्रीअर्सन यांनी ब्रिटिशकालीन भाषासर्वेक्षणात खानदेशीला (म्हणजे अहिराणीला) भिल्ली भाषांबरोबर ठेवले, जनगणनेत ती स्वतंत्र गणली जाते, तर अनेक मराठी अभ्यासक तिला मराठीची बोली मानतात. रचनेच्या दृष्टीने हा वाद गौण आहे. अहिराणी देवनागरीतच लिहिली जात असल्याने वेगळा टंक (फाँट) लागत नाही. लेखनाचे सर्वमान्य नियम मात्र नाहीत. त्यामुळे अहिराणीसाठी, तसेच नंदुरबारकडील पावरी व भिलोरी भाषकांसाठी, छापील सूचनेपेक्षा ध्वनिमुद्रित सूचना अधिक उपयोगी ठरावी.