फ्रीलँड्समुसेएट : उकलून आणलेली डॅनिश शेतघरं
फ्रीलँड्समुसेएट हे कोपनहेगनच्या उत्तरेला ल्युंगबी इथलं ओपन-एअर म्युझियम आहे, आणि डॅनिशमध्ये नावाचा अर्थही तेवढाच, मोकळ्यावरचं म्युझियम. सुमारे ३५ हेक्टर जागेत ५० पेक्षा जास्त जुनी शेतघरं, गिरण्या आणि झोपड्या उभ्या आहेत, आणि जवळपास सगळी बाहेरून आलेली. म्हणजे मूळ गावात घर उकलायचं, लाकडांवर नंबर टाकायचे, गाडीत घालून आणायचं आणि इथे तसंच्या तसं परत जोडायचं. शेतकऱ्याचं घर कसं असायचं हे काचेच्या पेटीतल्या मॉडेलवरून कळत नाही, त्याच्या उंबरठ्यावरून वाकून आत जावं लागतं, या म्युझियमचं सगळं महत्त्व मला तरी यातच वाटतं.

हे सुरू केलं बेर्नहार्ड ओल्सेन यांनी. हा माणूस आधी कोपनहेगनच्या टिव्होली या करमणुकीच्या बागेचा डायरेक्टर होता, लोकांना एखादी जागा कशी दाखवायची हे त्याला चांगलं ठाऊक होतं. १८७८ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्याने जुन्या घरांच्या सजवलेल्या खोल्या पाहिल्या, आणि सुट्या वस्तू मांडण्यापेक्षा अख्खी खोलीच उभी करायची हे त्याच्या डोक्यात बसलं. त्यातून १८८५ मध्ये डॅनिश लोकसंग्रहालय निघालं, १८९७ मध्ये कोपनहेगनच्या राजबागेत पहिली घरं उभी राहिली, जागा पुरेना म्हणून १९०१ मध्ये ती ल्युंगबीला हलली. स्टॉकहोमचं स्कान्सेन हे असंच ओपन-एअर म्युझियम १८९१ चं, म्हणजे जगातल्या अगदी पहिल्या काही ओपन-एअर म्युझियममध्ये याची गणती होते. १९२० पासून हे राष्ट्रीय म्युझियमचा भाग आहे.

आता घर उकलून हलवणं आपल्याला विचित्र वाटेल पण डॅनिश शेतकऱ्याला ते नवीन नव्हतं. तिथलं घर म्हणजे लाकडाचा सांगाडा आणि मधल्या चौकटींत फांद्या विणून वर मातीचा लेप, आपल्या कोकणातला कूडच म्हणा ना, वर पेंढ्याने शाकारलेलं छप्पर. लाकडं खुंट्यांनी जोडलेली, त्यामुळे सुटी करता येतात. १८व्या शतकाच्या शेवटी जमिनीची नवी वाटणी झाली तेव्हा हे खूप कामाला आलं. त्याआधी सगळी घरं गावात एकत्र आणि प्रत्येकाच्या जमिनीच्या पट्ट्या गावभर विखुरलेल्या, कधी पेरायचं कधी कापायचं हे सगळं गाव मिळून ठरवणार. १७८१ च्या कायद्याने पट्ट्या एकत्र करून ज्याची त्याला सलग जमीन द्यायचं ठरलं आणि मग कितीतरी शेतकऱ्यांनी घर सुटं करून गावाबाहेर स्वतःच्या वावरात नेऊन परत बांधलं. त्याच काळात, १७८८ मध्ये, १७३३ पासून चालत आलेलं ते बंधन उठायला सुरुवात झाली ज्याने शेतकरी पुरुषांना जमीनदाराची हद्द सोडून जाताच येत नव्हतं. बहुतेक शेतकरी कूळ होते, खंड द्यायचे आणि वर जमीनदाराच्या शेतावर वेठ करायचे. ही घरं बघताना एवढं डोक्यात असलं की मग नुसतं सुंदर सुंदर म्हणून पुढे जाववत नाही.

घरं प्रदेशाप्रमाणे मांडलीत. मोठं शेतघर बहुतेक चारही बाजूंनी बांधलेलं, चौसोपी वाड्यासारखं, मध्ये अंगण, एका बाजूला राहणं आणि बाकी तिन्हीकडे गोठा, कोठार, मळणीची जागा. अंगणात शेणखताचा ढीग, कारण खत हेच वावराचं भांडवल. ओस्टेनफेल्डहून आणलेल्या प्रचंड घरात तर माणसं, गुरं आणि धान्य सगळं एकाच छपराखाली. ते गाव दक्षिण श्लेस्विगमधलं, आज जर्मनीत आहे. तो भाग डेन्मार्कने १८६४ च्या युद्धात गमावला आणि स्कोने, हालांड हे प्रांत १७व्या शतकात स्वीडनकडे गेले, पण तिथली घरं इथे आहेत. फेरो बेटांचीही आहेत.

आत गेल्यावर मुद्दाम बघायची गोष्ट म्हणजे शेगडी. लोखंडी पत्र्यांची पेटी, भिंतीतून आरपार, आणि विस्तव घालायचा तो पलीकडून, स्वयंपाकघरातून! त्यामुळे बसायच्या खोलीत ऊब येते, धूर येत नाही. पत्र्यांवर बायबलमधली चित्रं ओतलेली, यातले बरेच पत्रे नॉर्वेच्या कारखान्यांतून यायचे. झोपायला भिंतीतली लाकडी कपाटं, पडदा किंवा दार लावून घ्यायचं, आणि ती एवढी आखूड की पाय ताणून झोपता येईल असं वाटतच नाही. लोक उशांना टेकून अर्धवट बसून झोपायचे असं सांगतात.

लेसो या डॅनिश बेटाचं घर मात्र चुकवू नका. तिथे मीठ उकळण्यासाठी शतकानुशतकं जंगल तोडलं गेलं, झाडं संपली, म्हणून छप्पर समुद्रातल्या लांब गवताचं, जाडजूड, लोंबणारं, घरापेक्षा मोठं वाटणारं. पुरुष दर्यावर, त्यामुळे शेती बायकांकडे आणि छप्पर घालायचं कामही त्यांचंच. शेकडो वर्षं टिकणारं हे छप्पर पुढे दुर्मिळ झालं कारण १९३० च्या सुमाराला रोग येऊन ते गवतच मेलं.

श्रीमंत शेतकऱ्यांबरोबर अल्पभूधारकाचं, कोळ्याचं घर आणि गावाने गरिबांसाठी बांधलेलं घरही इथे आहे. ही छोटी घरं लोक दोन मिनिटांत उरकतात, मला वाटतं सगळ्यात जास्त थांबायला हवं ते तिथेच. उन्हाळ्यात जुन्या काळच्या कपड्यांतली माणसं चुलीवर रांधतात, लोकर कातरतात, जुन्या डॅनिश जातींची जनावरं चरत असतात. हिवाळ्यात म्युझियम बहुतेक बंद असतं, तेव्हा तारखा बघूनच जा.

पुढची गोष्ट दुधाची. १८८२ मध्ये डेन्मार्कच्या पश्चिम जटलंड भागातल्या हिएडिंगला पहिली सहकारी डेअरी निघाली आणि घरोघरी लोणी काढणं हळूहळू संपलं. डॅनिश डेअरी यंत्रं मग जगभर गेली, आपल्या लार्सन अँड टुब्रोच्या दोघा डॅनिश इंजिनिअरांनी १९३८ मध्ये मुंबईत धंदा सुरू केला तोही आधी अशीच यंत्रं विकत. ल्युंगबीच्या घरांत गोठा आणि त्याला लागून दूधलोण्याचं काम दिसतं ते त्या डेअरीच्या आधीचं.

जायला कोपनहेगनहून लोकल पकडून येगर्सबोर्गला उतरायचं, तिथून छोट्या गाडीने फुग्लेवाड. त्या छोट्या गाडीला तिथले लोक लाडाने डुक्कर म्हणतात. अख्खा दिवस ठेवा, चालणं खूप आहे.