फॉरमॅट मारण्याआधी

भाच्याचा फोन आला तेव्हा तो दुरुस्तीच्या दुकानातच उभा होता. लॅपटॉपवर काळा पडदा, त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'एरर: नो सच पार्टिशन', खाली 'ग्रब रेस्क्यू' आणि लुकलुकणारी रेघ. दुकानात निदान होऊन गेलं होतं: "हार्ड डिस्क गेली, फॉरमॅट मारावा लागेल, डेटा मिळणार नाही." इंजिनिअरिंगच्या तीन वर्षांच्या नोट्स आणि प्रोजेक्ट त्याच डिस्कवर. मी एवढंच विचारलं, "काल काय केलंस?"

"काही नाही मामा. विंडोजला जागा कमी पडत होती म्हणून लिनक्सचं पार्टिशन उडवलं."

"लॅपटॉप घे आणि घरी ये. डिस्कला काही झालेलं नाही."

त्याच्या लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स अशा दोन ऑपरेटिंग सिस्टीम होत्या, डिस्कच्या वेगवेगळ्या भागांत, म्हणजे पार्टिशनांत. लॅपटॉप न बघता हे मी सांगू शकलो, कारण पडद्यावरचा 'ग्रब' हा शब्द त्या डिस्कवरूनच वाचला गेला होता. डिस्क मेली असती तर तो उमटलाच नसता.

संगणक चालू करतो तेव्हा त्याची मेमरी कोरी असते. ऑपरेटिंग सिस्टीम डिस्कवर असते, पण डिस्कवरची फाइल शोधून वाचायची कशी, हे ठाऊक असतं ऑपरेटिंग सिस्टीमलाच! हा पेच सुटतो तो टप्प्याटप्प्याने. लॅपटॉप जुना होता, म्हणजे बायोस पद्धतीचा. बायोस हा मदरबोर्डवरच्या चिपमधला छोटा प्रोग्राम. तो डिस्कचा फक्त पहिला सेक्टर, म्हणजे ५१२ बाइट, उचलतो आणि मेमरीत ३१,७४४ या पत्त्यावर ठेवतो. हा आकडा ३२ किलोबाइटपेक्षा बरोबर एक किलोबाइट कमी आहे. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून तो तसाच चालत आला. सेक्टरचे शेवटचे दोन बाइट '५५' आणि 'एए' असले की हा बूट करण्याजोगा सेक्टर आहे असं धरून प्रोसेसर तिथे उडी मारतो.

आता या ५१२ बाइट्सचा हिशोब बघा. दोन बाइट त्या खुणेचे. चौसष्ट बाइट डिस्कच्या वाटणीचे: सोळा-सोळा बाइट्सच्या चार नोंदी, कुठलं पार्टिशन कुठून सुरू होतं आणि केवढं आहे. वाटणीची ही सोय १९८३ मध्ये पीसी डॉस २.० बरोबर आली. कोडसाठी उरले ४४६. युनिकोडच्या नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीत मराठीचं प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो की काना-वेलांटी, ३ बाइट घेतं. म्हणजे ४४६ बाइट्समध्ये १४८ चिन्हं, दोन-तीन छोटी वाक्यं. एवढ्याशा जागेत डिस्कवरून सिस्टीम उठवायची आहे!

ग्रब हा लिनक्सवाल्यांचा नेहमीचा बूटलोडर, म्हणजे सिस्टीम उठवणारा प्रोग्राम, हे कसं साधतो, याचं मला आजही कौतुक वाटतं. त्याच्या पहिल्या तुकड्याला फाइल, फोल्डर, पार्टिशन यातलं काही कळत नाही. त्याला एकच गोष्ट लिहून दिलेली असते: दुसरा तुकडा अमुक नंबरच्या सेक्टरवर आहे, तो उचल. बोलायला शब्दही इनमिन पाच-सहा, 'ग्रब', 'रीड', 'हार्ड डिस्क', 'एरर' असे. दुसरा तुकडा पहिला सेक्टर आणि पहिलं पार्टिशन यांच्यामधल्या मोकळ्या पट्टीत राहतो. पूर्वी ही पट्टी ६२ सेक्टरची, म्हणजे ३१ किलोबाइटची असे; आता साधारण १ मेगाबाइट सोडतात. या दुसऱ्या तुकड्याला फाइल सिस्टीम वाचता येते. तो लिनक्सच्या पार्टिशनमध्ये जाऊन बाकीचे भाग आणि 'विंडोज की लिनक्स' असं विचारणारा मेनू आणतो.

भाच्याच्या लॅपटॉपवर पहिला तुकडा चालला, दुसराही चालला. मेनू ज्या पार्टिशनमध्ये होता ते मात्र त्यानेच आदल्या दिवशी उडवलं होतं. विंडोज आणि नोट्स जागच्या जागी होत्या. विंडोजच्या पेन ड्राइव्हवरून 'रिपेअर'मध्ये जाऊन कमांड प्रॉम्प्ट उघडला आणि 'बूटरेक' या विंडोजच्या साधनाला 'फिक्सएमबीआर' सांगितलं. ही आज्ञा पहिल्या सेक्टरमधला फक्त कोडचा भाग नव्याने लिहिते, वाटणीच्या तक्त्याला हात लावत नाही. मिनिटभराचं काम. फॉरमॅट मारला असता तर तीन वर्षं गेली असती.

लिनक्सचं पार्टिशन शाबूत असेल आणि वाटणी बदलताना फक्त त्याचा नंबर हलला असेल, तर 'ग्रब रेस्क्यू'वरूनच सुटका होते. 'एलएस'ने पार्टिशनं बघायची, एकेकात डोकावून बूट-ग्रबचा फोल्डर हुडकायचा, 'सेट प्रीफिक्स'ने त्याचा पत्ता द्यायचा, मग 'इन्समॉड नॉर्मल' आणि 'नॉर्मल'. मेनू येतो. लिनक्स उघडल्यावर ग्रब परत बसवायचा, आणि तो पार्टिशनवर नाही तर अख्ख्या डिस्कवर.

"एका मशीनला दोन सिस्टीम सोसत नाहीत" असं ठामपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. ही अंधश्रद्धाच आहे. जुन्या पद्धतीत भांडण असतं ते फक्त त्या ४४६ बाइट्सपुरतं: जो शेवटी बसवला तो आधीच्याचा कोड पुसतो. म्हणून आधी विंडोज, मग लिनक्स.

बायोसच्या जागी आलेल्या यूईएफआयच्या नव्या मशीनवर हे भांडणही उरलं नाही. तिथे एक लहानसं फॅट३२ पार्टिशन असतं आणि त्यात प्रत्येक सिस्टीमचा बूटलोडर आपापल्या फोल्डरमध्ये राहतो. कोणाला आधी उठवायचं ती यादी मदरबोर्डच्या मेमरीत असते. त्यामुळे एखाद्या अपडेटनंतर लिनक्स "गायब" झालं तर बहुतेक वेळा यादीतला क्रमच बदललेला असतो. चालू करताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप दाबून बूट मेनू बघा. लिनक्सचं नाव तिथे सापडलं तर सेटिंगमध्ये जाऊन ते वर घ्या.

सिक्युअर बूटची, म्हणजे खात्रीचाच बूटलोडर चालू देणाऱ्या सोयीची, गोष्ट वेगळी. ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षा अपडेटनंतर दोन सिस्टीमच्या अनेक मशीनवर लिनक्स सुरूच होईना. पडद्यावर 'समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग' असं येऊन मशीन बंद. बूटलोडरच्या प्रत्येक भागावर पिढीचा क्रमांक असतो. त्या अपडेटने किमान पिढी वाढवली आणि जुना बूटलोडर बाद ठरला. दोन सिस्टीमच्या मशीनना ते लागू व्हायचं नव्हतं, पण अशी मशीन ओळखण्यात चूक झाली. उपाय असा: सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करायचं, लिनक्समध्ये जाऊन ती नवी अट काढायची, लिनक्स अपडेट करायचं आणि सिक्युअर बूट पुन्हा चालू करायचं. "ते कायमचं बंदच ठेवा" हा सल्ला मला पटत नाही. आणि बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप, चालू असेल तर आधी त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. सिक्युअर बूट बंद केल्यावर विंडोज ती मागू शकतं, आणि ती नसेल तर डेटा खरोखरच हातचा जातो.

भाच्याने महिनाभराने लिनक्स परत टाकलं, या वेळी नोट्सची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवून. दुसऱ्याच दिवशी फोन: "मामा, विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे गेलंय, बॅटरी गेली का?" बॅटरी ठीक होती. मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ लिहून ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजून वाचतं. आपल्याकडे तो फरक बरोबर साडेपाच तासांचा. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगितली, आणि घड्याळ जुळलं.