तळीरामाला खलनायक म्हणावं का?

२० फेब्रुवारी १९१९ रोजी गंधर्व नाटक मंडळीनं 'एकच प्याला' या दारूच्या व्यसनावरच्या नाटकाचा पहिला प्रयोग केला तो बडोद्यात. सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्व, तिचा नवरा सुधाकर म्हणून गणपतराव बोडस. नाटककार राम गणेश गडकरी तो बघायला नव्हते. २३ जानेवारीलाच ते गेले. (दारूबंदीच्या गुजरातेत राहणाऱ्या आम्हा बडोदेकरांना ही हकीकत सांगताना हसू येतंच.) पण या नाटकात दुष्ट कोण?

मराठी रंगभूमीवरचा सुरुवातीचा दुष्ट लांबूनच ओळखू यायचा. विष्णुदास भाव्यांच्या वळणाच्या पौराणिक खेळांत राक्षस 'अलल डुर्र' अशी आरोळी ठोकतच यायचा. त्याच्या मनात काय चाललंय, हे कुणी विचारत नसे. 'मृच्छकटिक' या संस्कृत नाटकातला राजाचा मेहुणा शकार थोडा वेगळा. तो नायिका वसंतसेनेचा गळा आवळतो, आळ तिच्या प्रियकरावर, चारुदत्तावर ढकलतो, आणि अखेरीस चारुदत्तच त्याला जीवदान देतो.

ही क्षमा आपल्या नाटककारांच्या फार अंगवळणी पडली. १८९० साली देवलांनी 'झुंझारराव' लिहून शेक्सपिअरचा ऑथेल्लो मराठीत आणला. मूळ नाटकातला इयागो पकडला गेल्यावर 'का केलंस?' या प्रश्नाला उत्तर न देता तोंड मिटून घेतो. गडकऱ्यांचा 'भावबंधन'मधला घनश्याम त्याच जातीचा कारस्थानी. पण त्याच्यापाशी लतिकेनं केलेल्या अपमानाचं कारण आहे आणि शेवटी पश्चात्तापही. 'पुण्यप्रभाव'मधला वृंदावनही असाच निवळतो. मला विचाराल तर इथे गडकरी कचरले. खाडिलकरांनी मात्र १९०७च्या 'कीचकवधा'त माफी ठेवली नाही. प्रेक्षकांना कीचकात माजी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन दिसला आणि १९१० मध्ये सरकारनं नाटकावर बंदी घातली.

'एकच प्याला'त असा कुणी मारायलाच सापडत नाही. वकील सुधाकर कोर्टातल्या अपमानानं पेटलेला असतो. त्याचा कारकून तळीराम दुःख विसरायला पेला पुढे करतो. त्यात डाव नाही, सूड नाही, मिळकतीवर डोळा नाही. आपल्याला जे गोड लागलं ते मालकालाही द्यावं, एवढंच. पुढे तो आर्यमदिरामंडळ काढतो, लोकांना पोट धरून हसवतो आणि त्याच दारूनं सुधाकराच्या आधी मरतो. सुधाकराच्या हातून मूल मरतं तेव्हा शिव्या घालायला तोही उरलेला नसतो.

दुष्ट माणसाचं म्हणून तळीराम हे नाव कुणाच्या तोंडी बसलंच नाही. एकतीस डिसेंबर आला की मराठी वर्तमानपत्रं अजून छापतात, 'तळीरामांवर पोलिसांची नजर'.