आधी व्हिसा की आधी तिकीट? परदेशी प्रवासाच्या तिकीट-खरेदीची पार्श्वभूमी

मे महिन्याच्या सुट्टीत युरोपला जायचे ठरले की दिवाळीनंतर घरात एकाच प्रश्नावर चर्चा सुरू होते: तिकीट आत्ताच काढून टाकायचे की व्हिसा हातात पडल्यावर? किती आठवडे आधी तिकीट स्वस्त पडते याचे आडाखे आता सगळ्यांनाच ठाऊक आहेत. पण भारतीय पासपोर्टवर प्रवास करणाऱ्याचा निर्णय नुसत्या भाड्यावर ठरत नाही. विमान कंपनीचे वेळापत्रक वेगळे आणि वकिलातीचे वेगळे. ही दोन्ही एकमेकांशी सुसंगत होती असा एक काळ होता. ती कशी फारकत घेत गेली, हे पाहिले की आजचा गोंधळ पुष्कळसा उलगडतो.

त्याच्याही मागे फार जायचे कारण नाही. साठ-सत्तरच्या दशकांत अडचण पैशांची आणि परवानगीची होती. परकीय चलनाची टंचाई असल्याने भारतात राहणाऱ्याला परदेशाचे तिकीट काढायला ‘पी फॉर्म’वर मध्यवर्ती बँकेची मंजुरी लागे. खिशात आठ डॉलर घेऊन शिकायला गेलेल्यांच्या आठवणी कित्येक मराठी घरांत अजून सांगितल्या जातात. भाडी विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या परिषदांत ठरत आणि दोन्हीकडची सरकारे ती मंजूर करत. त्यामुळे तिकीट लवकर काढल्याने भाड्यात विशेष फरक पडत नसे.

‘आधी घ्या, स्वस्तात घ्या’ हा नियम जन्मला तो सत्तरच्या दशकात, अटलांटिकवर. रिकाम्या खुर्च्या तर भरायच्या, पण कंपनीच्या खर्चाने जाणारा व्यावसायिक प्रवासी मात्र स्वस्त तिकिटाकडे वळता कामा नये, हा तिथला पेच होता. उपाय निघाला तो अटींचा: काही आठवडे आधी पूर्ण पैसे भरा, तिकडे ठरावीक दिवस राहा, तारीख बदलू नका. सुट्टीवर जाणाऱ्याला हे जमते, कामासाठी धावणाऱ्याला नाही. १९७७ मध्ये लंडन–न्यूयॉर्क मार्गावर एका कंपनीने याच्या अगदी उलट प्रयोग केला. आरक्षण नाहीच, त्याच दिवशी रांगेत उभे राहा आणि ५९ पौंडांत तिकीट घ्या. ती कंपनी पाच वर्षांत बुडाली. अटींची पद्धत मात्र टिकली. १९७८ मध्ये अमेरिकेने देशांतर्गत भाड्यांवरचे सरकारी नियंत्रण काढायला सुरुवात केली, आणि १९८५ च्या जानेवारीत तिथल्या एका मोठ्या कंपनीने संगणकाच्या आधाराने प्रत्येक विमानातल्या ‘किती खुर्च्या कोणत्या भावाला’ हे उड्डाणागणिक ठरवायला घेतले. एकाच इकॉनॉमी वर्गात डझनावारी भाडी, प्रत्येकाला इंग्रजी वर्णमालेतले एक अक्षर, आणि प्रत्येक अक्षराची वेगळी अट, ही आजची रचना तिथून आली.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिकीट लवकर काढले म्हणून आपोआप स्वस्त होत नाही. स्वस्त अक्षरातल्या खुर्च्या शिल्लक आहेत आणि त्यांची आगाऊ खरेदीची अट आपण पाळू शकतो, म्हणून ते स्वस्त पडते. मंगळवारी तिकीट स्वस्त मिळते ही समजूतही याच यंत्रणेच्या जुन्या सवयींतून आली. एके काळी भाडी दिवसातून ठरावीक वेळांनाच यंत्रणेत चढत. अमेरिकेत आठवड्याच्या सुरुवातीला एखादी कंपनी सवलत जाहीर करी आणि बाकीच्या तिच्या मागे जात. भाडी केव्हाही बदलू लागली तेव्हा त्या सवयीत काही उरले नाही. मुंबई–फ्रँकफर्टच्या प्रवाशाशी तर तिचा कधीच संबंध नव्हता.

आता मुख्य मुद्दा. नव्वदच्या दशकात पुण्या-मुंबईत परदेशाचे तिकीट एजंटाकडेच काढले जाई आणि त्या व्यवहाराचे दोन स्पष्ट टप्पे असत. एजंट आधी ‘नाव टाकून ठेवी’. म्हणजे यंत्रणेत जागा धरली जाई, सहा अक्षरांचा पीएनआर मिळे आणि तिकीट बनवण्याची शेवटची तारीख, म्हणजे ‘टाइम लिमिट’, कळे. पैसे नंतर. त्या तारखेआधी पैसे दिले की लाल कार्बनच्या कूपनांचे पुस्तक हातात पडे आणि त्यावर तेरा आकडी तिकीट क्रमांक असे. आरक्षण ही एक गोष्ट आणि तिकीट ही दुसरी, हे कोणाला समजावून सांगावे लागत नसे. परतीची जागासुद्धा उड्डाणाच्या ७२ तास आधी फोन करून ‘रिकन्फर्म’ करावी लागे. टाइम लिमिट पुष्कळदा काही आठवड्यांची असे. एजंटाला तिकिटामागे नऊ टक्क्यांपर्यंत कमिशन असल्याने गिऱ्हाइकासाठी जागा धरून ठेवणे, ती सुटली तर पुन्हा धरणे, हे तो आनंदाने करी.

शेंगेन देशांचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांचा, सामाईक व्हिसा नियम याच जगाला धरून लिहिलेला आहे. २००९ मध्ये संमत झालेल्या त्या नियमाच्या परिशिष्टात, अर्जदार परत जाणार आहे हे दाखवणाऱ्या कागदपत्रांत, परतीचे तिकीट किंवा त्याचे आरक्षण असा स्पष्ट पर्याय आहे. व्हिसा मिळण्याआधी पैसे अडकवायला लावू नयेत, हा त्यामागचा विचार माणुसकीचा होता. अनेक वकिलातींच्या सूचनांतही व्हिसा मिळेपर्यंत तिकीट विकत घेऊ नका असाच सल्ला असतो.

पण नियम कागदावर येत होता त्याच सुमारास त्याच्या पायाखालची जमीन सरकत होती. १ जून २००८ पासून जागतिक पातळीवर कागदी तिकिटे जवळजवळ बंद झाली. त्याच वर्षी भारतात बहुतेक कंपन्यांनी एजंटांचे कमिशन शून्यावर आणले. लोक तिकिटे स्वतः संकेतस्थळावर काढू लागले, आणि तिथे बहुधा पैसे भरल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. जी खुर्ची धरून ठेवली ती दुसऱ्याला विकता येत नाही, हे कंपन्यांच्या संगणकांना कळत होतेच. म्हणून त्यांनी टाइम लिमिट आठवड्यांवरून दिवसांवर, काही मार्गांवर तासांवर आणली. वारंवार जागा धरून सोडणाऱ्या किंवा खोट्या नावाने धरणाऱ्या एजंटाला ‘डेबिट मेमो’ पाठवून दंड लावायची पद्धत पक्की झाली. व्यवहार म्हणून कंपन्यांचे यात काही चुकले नाही. परंतु व्हिसासाठी जो कागद मागितला जातो, तो मिळण्याची साधी वाट बंद झाली, आणि मागणी मात्र तशीच राहिली. ही जोखीम ना वकिलातीने उचलली ना विमान कंपनीने. ती अलगद प्रवाशाच्या गळ्यात पडली. या विषयावरच्या चर्चेत हे क्वचितच कोणी स्वच्छ बोलते.

या पोकळीतून ‘डमी तिकीट’ जन्माला आले. या एका शब्दात तीन अगदी निरनिराळ्या गोष्टी कोंबल्या जातात आणि त्यातूनच लोक अडचणीत येतात.

पहिली म्हणजे खरे पण पैसे न भरलेले आरक्षण. मान्यताप्राप्त एजंटाने जागा धरलेली असते, पीएनआर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला तर प्रवाशाचे नाव दिसते, फक्त तिकीट क्रमांक नसतो. नियमात जे आरक्षण म्हटले आहे ते हेच. हे पूर्णपणे वैध आहे आणि त्याला डमी म्हणणेच मुळात अन्यायाचे आहे. अडचण एवढीच, की अर्ज दिल्यापासून अधिकारी तो उघडेपर्यंत ते जिवंत राहीलच याची खात्री नसते. मुंबईच्या अर्ज केंद्रात सोमवारी दिलेल्या फाइलमधले आरक्षण शुक्रवारी सुटलेले असू शकते.

दुसरी गोष्ट म्हणजे पूर्ण पैसे भरून काढलेले, पण रद्द करता येणारे तिकीट. हे सर्वांत भक्कम, कारण त्याला तेरा आकडी क्रमांक असतो. मात्र ‘रिफंडेबल’ या लेबलावर विसंबून चालत नाही. पुष्कळ भाड्यांत तिकीट रद्द केल्यावर परतावा मिळतो तो दंड कापून. काहींत केवळ कर परत येतात. चौघांच्या कुटुंबाला हा फरक लाखाच्या घरात जाऊ शकतो. भाड्याच्या नियमांत रद्द करण्याचे शुल्क उड्डाणाआधी किती आणि नंतर किती, हे वेगळे लिहिलेले असते. विकत घेण्याआधी वाचायचे ते तेच.

तिसरी गोष्ट म्हणजे चक्क बनावट पीडीएफ: काहीशे रुपयांत मिळणारी, ज्यातला पीएनआर कुठेच उघडत नाही किंवा दुसऱ्याच कोणाचा निघतो. याला आरक्षण म्हणताच येत नाही. ते खोटे कागदपत्र आहे. शेंगेनच्या नकारपत्रात छापील कारणांसमोर खुणा करतात. प्रवासाचा हेतू सांगणारी माहिती विश्वासार्ह नाही, परत जाण्याच्या इराद्याबद्दल शंका आहे, अशा कारणांना मग अधिकाऱ्याच्या हाती आधार मिळतो, आणि तो नकार पुढे अनेक देशांच्या अर्जांत सांगावा लागतो. एजंट ‘सगळे असेच करतात’ म्हणतो तेव्हा तो या तिघांपैकी कशाबद्दल बोलतो आहे, हे त्याला तोंडावर विचारले पाहिजे. पीएनआर स्वतः कंपनीच्या संकेतस्थळावर तपासायला दोन मिनिटे लागतात.

वेळेचा हिशेबही याला जोडूनच येतो. बहुतेक मोठ्या कंपन्या उड्डाणाच्या ३३० ते ३६० दिवस आधी जागा विक्रीला खुल्या करतात. शेंगेन व्हिसाचा अर्ज मात्र पूर्वी प्रवासाच्या तीन महिने आधीच करता येई. २ फेब्रुवारी २०२० पासून ही मुदत सहा महिन्यांची झाली, आणि अर्ज किमान १५ दिवस आधी हवा अशी अट आली. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, गरज पडल्यास ४५ पर्यंत. ही मुदत दुप्पट होणे हा तिकीट-खरेदीच्या दृष्टीने गेल्या वीस वर्षांतला सर्वांत उपयोगी बदल होता, पण तो करोनाच्या तोंडावर आल्याने बऱ्याच लोकांच्या लक्षातच आला नाही. अजूनही एजंट तीन महिन्यांचाच हिशेब सांगताना आढळतात. मेमधल्या प्रवासाचा अर्ज डिसेंबरात दिला, तर जानेवारीअखेर व्हिसा हातात असू शकतो, आणि त्या वेळी मधल्या भावाच्या खुर्च्या बहुधा शिल्लक असतात. हे जमते ते अर्ज केंद्रात भेटीची वेळ मिळाली तर. करोनानंतरच्या उन्हाळ्यांत मुंबईत ती मिळवणे हेच मोठे काम होऊन बसले होते.

अमेरिकेचे प्रकरण निराळे. तिथल्या पर्यटक व्हिसाला तिकीट दाखवावे लागत नाही, उलट व्हिसा हाती येईपर्यंत ते काढू नका असेच सांगितले जाते. पण २०२२ मध्ये मुंबईत पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला मुलाखतीसाठी कित्येक महिने थांबावे लागत होते. मुलीच्या बाळंतपणाला जाणाऱ्या आई-वडिलांसाठी तारीख तर डॉक्टरांनी दिलेली असते, ती हलत नाही. अशा घरांत व्हिसा आधीच काढून ठेवायची पद्धत पडली ती यामुळे. तो बहुधा दहा वर्षांचा मिळतो, म्हणून तिथे एकदा हे झाले की पुढे प्रश्न केवळ भाड्याचा उरतो. ऑगस्टमध्ये विद्यार्थी निघतात आणि डिसेंबराच्या मध्यापासून तिकडची मंडळी घरी येतात. भाडे चढते ते या दोन्ही वेळांना, आणि त्या त्या दिशेला.

लवकर तिकीट काढण्याची दुसरी जोखीम लोकांना २०१९ नंतर कळली. त्या वर्षी एप्रिलमध्ये मुंबईतली एक मोठी विमान कंपनी बंद पडली आणि महिनोन् महिने आधी काढलेली तिकिटे कागदावरच राहिली. मार्च २०२० मध्ये भारतातून नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणे थांबली ती २७ मार्च २०२२ लाच पूर्ववत झाली. परतावा की ‘क्रेडिट शेल’ (म्हणजे पुढच्या प्रवासासाठी कंपनीकडेच जमा राहणारे पैसे) हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १ ऑक्टोबर २०२० च्या निकालात टाळेबंदीच्या काळात, त्याच काळातल्या प्रवासासाठी काढलेल्या तिकिटांचा पूर्ण परतावा मान्य झाला. आधी काढलेल्या तिकिटांसाठी मात्र आर्थिक अडचणीतल्या कंपन्यांना पैसे ३१ मार्च २०२१ पर्यंत क्रेडिट म्हणून ठेवण्याची मुभा मिळाली. म्हणजे ज्यांनी शहाणपणाने सर्वांत आधी पैसे भरले होते, तेच सर्वांत जास्त थांबले. क्रेडिट कार्डाने पैसे भरा, एजंटामार्फत काढले असेल तर परतावा कोणाच्या खात्यावर येणार ते आधी लिहून घ्या, हे धडे तिथले आहेत.

त्यानंतरचे बदल परस्परविरुद्ध दिशांचे आहेत. २०२३ च्या अखेरीस थायलंड आणि मलेशियाने भारतीयांना व्हिसामुक्त प्रवेश दिला, आणि तिथे आधी तिकीट काढायला कोणाची हरकत उरली नाही. त्याच वर्षी परदेशी सहलीच्या पॅकेजवरचा टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने पैसे घेतानाच वसूल करायचा कर, वाढवायचे ठरले तेव्हा नुसत्या तिकिटालाही तो लागतो का, असा गोंधळ उडाला. केवळ तिकीट किंवा केवळ हॉटेल म्हणजे पॅकेज नव्हे, त्यांतल्या किमान दोन गोष्टी एकत्र लागतात, असा खुलासा ३० जून २०२३ ला झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये देशाच्या विमान वाहतूक नियामकाने तिकीट काढल्यावर ४८ तासांत दंडाशिवाय रद्द किंवा बदल करू देण्याचा मसुदा मांडला. परदेशी प्रवासासाठी उड्डाण किमान १५ दिवस दूर हवे आणि तिकीट थेट कंपनीच्या संकेतस्थळावरून काढलेले हवे, अशी त्यात अट होती. चुकून निवडलेली तारीख बदलायला ४८ तास पुरेसे आहेत. व्हिसाच्या निर्णयाला मात्र साधारण पंधरवडा लागतो, तेव्हा मूळ अडचणीला अशी सवलत हात लावत नाही.

त्या अडचणीला थोडाफार हात लावला तो एप्रिल २०२४ मध्ये भारतीयांसाठी बदललेल्या शेंगेन नियमाने. मागच्या तीन वर्षांत दोन व्हिसा नियमाप्रमाणे वापरले असतील, तर दोन वर्षांचा, आणि पुढे पाच वर्षांचा अनेक-प्रवेश व्हिसा मिळू शकतो. असा व्हिसा पासपोर्टवर असणारा प्रवासी जागा खुल्या झाल्या त्या दिवशी तिकीट काढू शकतो. पहिल्यांदा युरोपला निघालेले सेवानिवृत्त शिक्षक दांपत्य तसे करू शकत नाही. त्यांनी डिसेंबरात अर्ज करावा, टाइम लिमिट लेखी सांगणाऱ्या एजंटाकडून खरे आरक्षण घ्यावे, आणि व्हिसाचा शिक्का पाहूनच पैसे भरावेत. यात चार-पाच हजार रुपये जास्त गेले तरी चौकशीच्या वेळी त्यांच्या फाइलमधला प्रत्येक कागद खरा असेल.