आशाताईंच्या आधी: जामखेड ते गडचिरोली

गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्या म्हणजे आशा; त्यांच्या योजनेची सुरुवात बहुतेक जण २००५ सालच्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानापासून सांगतात. महाराष्ट्राला ही गोष्ट पस्तीस वर्षे आधीपासून सांगता येते.

१९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी नगर जिल्ह्यातल्या जामखेडला काम सुरू केले. कायम दुष्काळी तालुका, आणि मुले दगावत ती हगवण, गोवर, धनुर्वात अशा टाळता येण्याजोग्या कारणांनी. खेड्यांसाठी नेमलेल्या शिकलेल्या परिचारिका गावात टिकेनात, तेव्हा आरोळे दांपत्याने गावातल्याच बायका निवडायच्या असे ठरवले. त्यांतल्या अनेक जणी दलित होत्या, बऱ्याच जणींना अक्षरओळखही नव्हती. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, मुक्काम करत, एकत्र जेवत आणि एकाच मोठ्या गोधडीखाली झोपत. या प्रशिक्षणातला सर्वांत अवघड धडा हाच होता असे मला वाटते, कारण जिच्या हातचे पाणी गाव पीत नाही तिने दिलेले औषध गाव कसे घेणार? गावी परतल्यावर त्या गरोदर बायकांची तपासणी करत, बाळाचे वजन घेत, मीठ-साखरेचे पाणी करायला शिकवत. अडचणी घेऊन त्या पुन्हा जामखेडला येत, म्हणून शिकणे संपतच नसे.

१९७७ मध्ये केंद्र सरकारने गावोगावी आरोग्य स्वयंसेवक नेमायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी अल्मा-आटा इथल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा पुकारा केला, आणि १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सरकारी योजनेत मात्र बहुतांश पुरुषच नेमले गेले. बाळंतिणीच्या खोलीत त्यांना कोण शिरू देणार? सुरुवातीच्या थोड्या महिन्यांनंतर शिकवणारेही कोणी नव्हते. ती योजना हळूहळू विरली.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' संस्था स्थापली. बाळाला न्यूमोनिया झाला की नाही हे श्वास मोजून कळते, पण आकडे न येणाऱ्या दाईने ते कसे मोजावेत? त्यासाठी मणी सरकवायचे आणि एका मिनिटाच्या वाळूच्या घड्याळाचे साधे यंत्र बनवले गेले. माणसाला बदलण्याऐवजी साधन बदलले, याचे मोल मला फार वाटते. १९९५ पासून ३९ गावांतल्या आरोग्यदूत घरी जाऊन नवजात बाळ तपासू लागल्या आणि पुढे जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देऊ लागल्या. तुलनेच्या गावांशी ताडून पाहता नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

घरोघरच्या नवजात शिशु सेवेचा हा धागा २०११ पासून देशभरातल्या आशांच्या कामात आला. दवाखान्यात बाळंतपण झाले, तरी बाळाच्या ४२ दिवसांपर्यंत आशाने सहा वेळा घरी जायचे असते. मात्र आशा होण्यासाठी आठवीपर्यंतच्या शिक्षणाची अट आली. ती शिथिल करता येत असली, तरी जामखेडच्या पहिल्या पिढीतल्या कितीतरी जणी त्या दारातूनच परत गेल्या असत्या. शिवाय आशांना मोबदला मिळतो तो मुख्यतः कामागणिक. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. कर्मचारी म्हणून मान्यता आणि नियमित वेतन, ही त्यांची मागणी त्याआधीपासूनची आहे आणि ती पूर्ण न्याय्य आहे.